अँटनकाकांची पिकअप

स्क्रूड्रायव्हर चेसिसमध्ये मुठीपर्यंत आत गेला. मी जोर लावला नव्हता, नुसता टेकवून दाबला होता. बाहेर काढला तेव्हा त्याला ओली तांबडी भुकटी चिकटली होती.

“काका, हे बघा,” मी म्हटलं.

डॉमनिककाका वाकले नाहीत. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. “सावंत, इंजिन ऐकलंस? एका सेल्फमध्ये उठतंय.”

इंजिन खरंच चांगलं होतं. एवढं जुनं डिझेल इंजिन इतकं स्वच्छ चालताना क्वचितच ऐकायला मिळतं. पण इंजिन ज्याच्यावर बसतं ती चेसिस, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, मधून आणि मागून कुजली होती.

माझं गॅरेज भाईंदर पूर्वेला नवघरमध्ये आहे. आजूबाजूला सगळीकडे टॉवर उठले, पण आमची गल्ली अजून तशीच आहे. मी जास्त काम फोर बाय फोरचं करतो. फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी. साध्या गाडीची फक्त पुढची किंवा फक्त मागची चाकं ओढतात. वाळूत, चिखलात ती रुतते, ही निघते. म्हणून समुद्रकाठच्या उत्तन गावातले काही मच्छीमार अशा जुन्या पिकअप सांभाळून आहेत. धक्क्यावर बर्फ न्यायचा, मासळी आणायची, जाळी वाहायची आणि छोट्या होड्या वाळूवर ओढून घ्यायच्या. डॉमनिककाकांची गाडी हे सगळं करायची. होडी ओढताना तिची मागची चाकं खाऱ्या पाण्यात असायची. घरी आल्यावर तिला गोड्या पाण्याने धुवायला हवं होतं. काकांनी ते कधी केलं नाही.

“नवीन घ्या,” मी सुचवून बघितलं.

“नवीन गाडी पाण्यात घातली की तिचे दिवे लागतात डॅशबोर्डवर. मंग कंपनीत न्या. मला हीच पायजे. नंबर पण हाच.”

अशा गाडीचे पार्ट आता दुकानात मिळत नाहीत. मग आम्ही डोनर शोधतो. डोनर म्हणजे तसलीच दुसरी गाडी, जिचे भाग काढून हिला लावायचे. पहिली डोनर मला पनवेलकडे एका बंद खाणीत सापडली. तिचे दरवाजे, रेडिएटर आणि पुढची काच कामाला आली. पण तिची ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणारी पेटी, तडकलेली निघाली. काकांची स्वतःची तर आधीच संपली होती. त्यामुळे काम तिथेच अडलं.

आणि एक दिवस अँटनकाकांचा फोन आला.

अँटनकाका म्हणजे डॉमनिककाकांचे धाकटे भाऊ. दोघांची घरं शेजारी. या पिकअप दोघांनी एकदमच घेतल्या होत्या, एकाच रंगाच्या. तेव्हा त्यांचं चांगलं जमायचं. वडील गेल्यावर मासळी वाळवायच्या जागेत कुंपण कुठून घालायचं यावरून भांडण झालं. कुंपण घातलं गेलं आणि बोलणं बंद झालं. इतकी वर्षं मी दोघांच्या गाड्यांचं काम केलं, पण दोघांना एकत्र कधी बघितलं नाही.

“माझी गाडी घेऊन जा,” ते फोनवर म्हणाले. “मला आता चालवता येत न्हाय. डोळ्यांना काचबिंदू हाय. त्याला काय पायजे ते काढ.”

मी उत्तनला गेलो. पिकअप शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. इंजिन जाम झालेलं, ते मला माहीत होतं. मी सवयीने खाली आडवा झालो आणि टॉर्च मारली. चेसिसवर कंपनीचा काळा रंग अजून शिल्लक होता. मी हातोडीने ठोकत गेलो. सगळीकडून घणघण असा भरीव आवाज. गिअरबॉक्स कोरडा, ट्रान्सफर केस कोरडी, कुठेही ऑइलचा थेंब नाही.

“दर रविवारी मिस्साहून आलो की धुवायचो,” अँटनकाका बाहेरून म्हणाले. “खालून पण.”

उठून उभा राहिलो तेव्हा मला अगदी हलकं वाटत होतं. कोडंच सुटलं होतं. एका भावाकडे इंजिन, दुसऱ्याकडे बाकी सगळी गाडी. डॉमनिककाकांचं इंजिन अँटनकाकांच्या पिकअपमध्ये बसवायचं. वेल्डिंग नाही, ठिगळ नाही. गाडी नव्यासारखी उभी राहिली असती.

मी डॉमनिककाकांना गॅरेजमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि सगळं सांगितलं.

“पण गाडी चेसिसवरून ओळखली जाते, काका. आरटीओच्या दृष्टीने ती अँटनकाकांचीच गाडी राहणार. इंजिन बदलल्याची नोंद करता येते. नंतर गाडी तुमच्या नावावर करून घ्यायची, त्यात काही अवघड नाही. फक्त सह्या लागतात.”

“कोणाच्या?”

“देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची.”

त्यांनी चहाचा ग्लास बाकावर ठेवला. “त्याच्या सहीच्या बाजूला माझी सही? न्हाय.”

“काका, तुमची चेसिस मेलीये.”

“मंग जिवंत कर. त्याची कापून माझीला लाव.”

“वजनाची गाडी आहे. जोडलेली चेसिस आरटीओच्या फिटनेस तपासणीत पास होईलच असं नाही. मी आधीच सांगतोय.”

“ते बघू पुढचं पुढं.”

मी परत अँटनकाकांकडे गेलो. माझी समजूत होती की आपली गाडी कापणार म्हटल्यावर ते तरी नको म्हणतील. ते नको म्हणाले तर मीही डॉमनिककाकांना हात वर करून दाखवू शकलो असतो.

“तो म्हणतो तसं कर,” अँटनकाका म्हणाले.

“काका, चांगली गाडी आहे हो.”

“माहीत हाय. मीच ठेवली ना चांगली.” ते जरा हसले. “पण मी दिली ना त्याला? दिली म्हणजे दिली. आता तिचं काय करायचं ते तो ठरवेल.”

गाडी भंगारात काढायची म्हणून त्यांनी रजिस्ट्रेशन रद्द करायचा अर्ज दिला. त्यावर त्यांच्या एकट्याची सही पुरली.

इक्बालभाई माझ्याकडे वेल्डिंग करतात. गॅस कटर पेटवायच्या आधी त्यांनी ती चेसिस हाताने चाचपून बघितली. “सावंतभाई, एक बार और पूछ लो.”

“पूछ लिया, इक्बालभाई.”

“दोनों को?”

“दोनों को.”

त्यांनी काळा चष्मा डोळ्यांवर ओढला. मी त्या दिवशी रेडिओ लावला नाही. एरवी आमच्याकडे दिवसभर गाणी चालू असतात. अँटनकाकांच्या चेसिसचे चांगले तुकडे कापून आम्ही डॉमनिककाकांच्या चेसिसमध्ये भरले. पुढचा भाग, ज्याच्यावर चेसिस नंबर ठोकलेला असतो, तो तेवढा बरा होता. तो त्यांचाच ठेवला. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही अ‍ॅक्सल, मागचा हौदा अँटनकाकांचा. उरलेलं लोखंड भंगारवाला टेम्पोत घालून घेऊन गेला.

काम आम्ही जीव लावून केलं, हे मात्र सांगायला हवं. प्रत्येक जोडाला आतून पट्टी दिली, घासून सारखा केला, वर अँटी-रस्टचे हात दिले. रंग झाल्यावर गाडी अशी दिसत होती की जवळच्या बेव्हर्ली पार्क वस्तीतल्या एका गिऱ्हाइकाने आपली गाडी बाजूला ठेवून हिचेच फोटो काढले.

डिलिव्हरी द्यायला मी स्वतः उत्तनला गेलो. काकांनी लगेच दोर बांधला, लो गिअर टाकला आणि होडी ओढायला घेतली. चारही चाकं वाळू धरून एका लयीत वर आली. किनाऱ्यावरची माणसं ओरडली. डॉमनिककाका खिडकीतून डोकं बाहेर काढून हसत होते. मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदाच बघितलं.

अँटनकाका वाळूलगतच्या कुंपणाच्या आपल्या बाजूला बायकोचा हात धरून उभे होते. त्यांना दिसत होतं किती, कोण जाणे. ते मान तिरकी करून ऐकत होते.

“गिअरबॉक्स माझा वाजतोय,” ते मोठ्याने म्हणाले. “लोमध्ये तो असाच गातो.”

डॉमनिककाकांनी ते ऐकलं. हसू थांबलं. त्यांनी क्षणभर कुंपणाकडे बघितलं, मला वाटलं आता काहीतरी बोलतील. त्यांनी काच वर केली आणि गाडी पुढे घेतली.

पावसाळा संपला आणि फिटनेसची तारीख आली. तपासणीच्या साहेबांनी गाडीखाली वाकून बघितलं. हातोडीने एक जोड ठोकला, मग दुसरा. दुसऱ्या जोडाच्या कडेला केसाएवढी चीर पडली होती. चांगलं लोखंड आणि गंजलेलं लोखंड एकत्र जोडलं की ताण पडल्यावर गंजलेलं आधी हार मानतं. होडी ओढण्याचा ताण काही थोडा नसतो.

“ही रस्त्यावर मधोमध मोडली तर?” साहेबांनी विचारलं.

त्यांचं बरोबर होतं. गाडी नापास झाली.

काही दिवसांनी डॉमनिककाका रिक्षाने गॅरेजमध्ये आले. चहा नको म्हणाले. बाकावर बसले नाहीत.

“सावंत, अँटनच्या गाडीची चेसिस हाय ना तुझ्याकडं?”

“नाही, काका.”

“मागं ठेवली असशील.”

“अर्धी तुमच्या गाडीत आहे. राहिलेली भंगारात गेली. आतापर्यंत वितळलीसुद्धा असेल.”

ते गॅरेजच्या मागच्या बाजूला जाऊन बघून आले. तिथे टायर आणि दोन रिकामे ड्रम होते. परत आले ते टोपी हातात घेऊन.

“मी सही करतो,” ते म्हणाले. “त्याच्या बाजूला बसून करतो. उद्या येतो त्याला घेऊन.”

“काका, आता सही कशावर करणार?”

गल्लीतून पाण्याचा टँकर गेला, त्याला जागा द्यायला आम्ही दोघं आत सरकलो. मग ते रिक्षात बसून गेले.

मी अँटनकाकांना फोन केला. डॉमनिककाका तुमच्याकडे आले होते का, विचारलं.

“आलेला. कुंपणापर्यंत. बोंबील कसे सुकतायत इचारलं. मी म्हटलं, बरे हायेत.”

“मग?”

“मंग काय. उभा राहिला थोडा वेळ आणि गेला.”

“गाडीचं काही बोलले?”

“न्हाय. मीपण न्हाय बोललो.”

ती पिकअप आता रस्त्यावर येत नाही. काही महिने ती वाळूवरच होड्या ओढत होती. चीर वाढल्यावर मी तेही बंद करायला लावलं. एका गाडीचं इंजिन आणि दुसरीचा गिअरबॉक्स, दोन्ही ठणठणीत, एका मोडक्या सांगाड्यात बसून आहेत. ते काढून तिसऱ्या कुठल्या गाडीला लावू का, असं मी एकदा विचारलं. डॉमनिककाका म्हणाले, राहू दे.

मी त्यानंतर एक नियम केला. दोन गाड्यांची एक करायची असेल, तर ज्या गाडीची चेसिस चांगली तीच गाडी राहील. नाव कोणाचं, नंबर कोणता, कोणाचं कोणाशी पटत नाही, हे गिऱ्हाइकाने घरी बसून मिटवावं आणि मग यावं. हे ऐकून काही जण दुसऱ्या गॅरेजमध्ये जातात. मी त्यांना तिथला पत्ता समजावून सांगतो.