एवढं पान वाचा

"मावशी, तुम्ही दोन दिसताय," तो म्हणाला आणि त्याच्या पापण्या खाली आल्या. मी त्या बोटांनी वर केल्या. सोडल्या की परत खाली. टेम्पो सायली गावाकडून सिल्वासाला निघाला होता आणि रस्त्याला खड्डे होते. "झोपू नकोस," मी म्हटलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण जीभ वळेना, ओठातून लाळ गळायला लागली. माझ्या पायांत तुपाचा रिकामा डबा होता, झाकण सुतळीने बांधलेलं, आणि डब्यात त्याला चावलेला साप होता. टेम्पोवाला मान न वळवता विचारत होता, "जीवे छे ने?" मी म्हणत होते, "आहे जिवंत. तू चालव."

हा माणूस माझ्या खानावळीत चार वर्षं जेवला. शहाद्याकडचा. यार्नच्या कारखान्यात मशीनवर होता. माझा नवरा गेल्यावर मी सायली रस्त्यावरच्या चाळीत दोन खोल्यांत खानावळ सुरू केली होती. चौदा जण जेवायचे, बहुतेक खानदेशातले. ऐंशीच्या पुढची ती वर्षं. रोज कुठेतरी नवीन शेड उभी राहायची आणि रोज कुणीतरी पत्र्याची पेटी घेऊन विचारत यायचं, मावशी, जागा आहे का.

पुस्तकं वाचणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कोपरा धरतात आणि कुणी हाक मारली तर कपाळाला आठ्या घालतात. हा तसला नव्हता. ह्याला वाचलेलं पोटात राहायचं नाही. सुटीच्या दिवशी वापीला जायचा आणि रद्दीवाल्याच्या ढिगातून मराठी पुस्तकं उपसून आणायचा. गोष्टींची नाहीत. मुंग्यांचं, ताऱ्यांचं, पोटात अन्नाचं काय होतं त्याचं, समुद्राच्या तळाचं. माझ्या दारावरच्या फळीवर त्याने ती मांडली. मी म्हटलं, "पापडाचा डबा कुठे ठेवू?" म्हणाला, "पापड खाऊन टाकू."

पुस्तक घ्यायला कुणाला अडवायचा नाही. अट एकच. पुस्तक परत करताना जेवणाच्या पंगतीत सांगायचं, हे आता कुणी वाचावं आणि का. मागच्या कोऱ्या पानावर तेच पेन्सिलीने लिहायचं. नुसतं "चांगलं आहे" म्हटलेलं चालायचं नाही. "चांगला तर गूळही असतो," तो म्हणायचा. "कुणासाठी, ते सांग."

मग पंगतीत मजा यायची. वायरमनने मधमाश्यांचं पुस्तक परत केलं आणि म्हणाला, "हे सुपरवायझरला द्या. माश्यासुद्धा कामाच्या वेळी नाचतात, हे त्याला कळू दे." वॉचमनला सगळ्यांनी मिळून ताऱ्यांचं दिलं. तो चिडला. "मी जागा असतो म्हणून काय वर बघत बसू? चोर खालून येतो." पण महिनाभर त्याने ते सोडलं नाही, आणि परत करताना मागे माझं नाव लिहिलं. का, तर मावशी पहाटे उठतात, त्यांना शुक्र दिसतो.

मी चौथी शिकलेली. हिशेबाची वही आणि देवाची पोथी ह्यापलीकडे काही वाचलं नव्हतं. ह्या पुस्तकवाल्याला तसं सांगितलं. त्याने ताऱ्यांचं पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि दुसरंच दिलं. सापांचं. मध्ये तिकिटाचा तुकडा घातलेला.

"सगळं नका वाचू. एवढं पान वाचा."

हे त्याचं नेहमीचं बोलणं. नवीन वाचणाऱ्याला तो आख्खं पुस्तक कधी द्यायचा नाही. एक पान द्यायचा.

"मला साप कशाला?" मी म्हटलं.

"रोज लाकडांच्या ढिगात हात घालता. तुम्हाला नाही तर कुणाला?"

ते पान वाचायला मला आठ दिवस लागले. वरण उकळेपर्यंत बोट ठेवून वाचायचे. दोन चित्रं होती शेजारी शेजारी, कवड्या आणि मण्यार. दोन्ही काळपट, दोन्हींना आडवे पट्टे. कवड्याचे पट्टे मानेपासूनच ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं उलट. मानेकडे नुसता काळा, मागे मागे पट्टे स्पष्ट. कवड्या चावला तर धुऊन टाकायचं. मण्यार चावली तर दुखतसुद्धा नाही, आणि माणूस जातो.

त्याने चाळीसेक पुस्तकं वाचली होती. मी एक पान.

चाळीत साप निघाला की त्याला बोलवायचे. दोनदा त्याने कवड्या पकडून शेतात सोडला होता. बायका कौतुक करायच्या, आणि कौतुक त्याला आवडायचं, हे लिहायलाच हवं. दुसऱ्यांदा पकडला तेव्हा पुस्तक उघडूनही पाहिलं नाही.

तिसऱ्यांदा माझ्याच घरी. सकाळचे साडेसहा, पहिल्या शिफ्टचे पाच जण भाकरी खात होते. मी लाकूड ओढलं आणि ढिगातून साप बाहेर आला. वायरमनने काठी घेतली.

"ठेव ती," हा म्हणाला. "कवड्या आहे. बिनविषारी."

फडक्याने धरून त्याने साप सगळ्यांना दाखवायला वर केला. "पट्टे बघा." मी बघितले. मानेपाशी पट्टे नव्हते. शेपटीकडे होते. तेवढ्यात सापाने मान वळवली आणि त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी तोंड लावलं. "डास चावल्यासारखं," तो हसला. साप डब्यात टाकला, हात धुतला आणि परत जेवायला बसला.

आता माझं सांगते. मला कळलं होतं. आणि मी पंधरा मिनिटं गप्प बसले. भाकऱ्या थापल्या, चटणी वाढली. वाटलं, चौथी शिकलेल्या बाईने त्याला काय शिकवायचं. पाच जणांत त्याचं हसं व्हायचं, नाहीतर माझं. तो दुसरी भाकरी मागायला लागला तेव्हा मी हात पुसले, पुस्तक काढलं आणि ते पान उघडून त्याच्या ताटाशेजारी ठेवलं.

"एवढं पान वाच," मी म्हटलं.

त्याने वाचलं. मग डब्याचं झाकण जरा सरकवून आत पाहिलं. हातातली भाकरी खाली ठेवली.

"टेम्पो बघा," तो म्हणाला.

टेम्पो मिळायला पाऊण तास गेला.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी डबा पाहिला, इंजेक्शनं सुरू केली. तोवर त्याचं श्वास घेणं बंद पडत आलं होतं. घशात नळी घातली आणि नळीला रबरी फुगा लावला. श्वासाचं मशीन नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "हा दाबत राहायचा. तुम्ही थांबलात की हा थांबला." जीवाचं बाकीचं काम आमच्या हातावर आलं.

खानावळीतले आठ जण आणि मी नववी, पाळ्या लावल्या. त्या दिवशी कुणी शिफ्टला गेलं नाही. वॉचमन मोजत दाबायचा, मोजणं चुकलं की घाबरायचा. वायरमन दाबताना रडायचा, म्हणून त्याला मी लवकर उठवून दुसऱ्याला बसवायचे. माझी पाळी आली की मी ह्याला शिव्या द्यायचे. गाढवा, दुसऱ्यांना पानं वाचायला देतोस आणि स्वतः वाचत नाहीस. कौतुकाला चटावलास. आईला काय सांगू तुझ्या. असलंच सगळं. तो प्रेतासारखा पडला होता, ऐकतो कोण.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची करंगळी हलली. तिसऱ्या दिवशी नळी काढली. आवाज फाटका येत होता. पहिलं काय बोलला तर, "मावशी, सगळं ऐकू येत होतं. शिव्यासुद्धा."

"बरं झालं," मी म्हटलं. मग पंधरा मिनिटांचं सांगून टाकलं, की मला कळलं होतं आणि मी बोलले नाही. त्याने ऐकून घेतलं. जाऊ द्या मावशी, असं काही म्हणाला नाही. म्हणाला असता तर मला ते खोटं वाटलं असतं.

कारखान्यात त्याच्या मशीनवर दुसरा माणूस घेतला होता. त्याचा भाऊ येऊन त्याला शहाद्याला घेऊन गेला. हातात पेटी होती, पुस्तकं फळीवरच राहिली. एक पत्र आलं, खुशालीचं, नंतर काही नाही. पुढे माणसं बदलली, ज्याने त्याने जाताना एकेक पुस्तक नेलं. नव्वदच्या पुढे चाळ पाडली, मी खानावळ बंद केली. तो आता कुठे आहे, मला ठाऊक नाही.

ह्याला साप चावला त्याच पावसाळ्यात आमच्या मागच्या चाळीतल्या एका बाईला मण्यार चावली होती. दुखत नाही म्हणून ती घरीच पडून राहिली आणि दुपारपर्यंत गेली. हा जगला.