माळढोकाच्या कॅसेटी

भवानी पेठेतले महेश्वर हिरेमठ सर गल्लीत 'माळढोक सर' म्हणूनच ओळखले जायचे. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं खरं, पण जीव अडकला होता नान्नजच्या पक्षी अभयारण्यातल्या माळावर. पावसाळ्यातला रविवार उजाडला की स्कूटरवर मागं सिद्धेश्वरीबाई, त्यांच्या मांडीवर टेपरेकॉर्डर आणि पिशवीत कडक भाकरी नि शेंगाचटणी. गवतात दबा धरून दोघं माळढोक नराचं घुमणं टिपायची. इतर मास्तरांच्या बायका सिनेमाला जायच्या, सरांची बायको माळावर. आणि तिला ते मनापासून आवडायचं, हे सरांचं नशीब. कसले सोन्यासारखे दिवस होते ते!

त्या कॅसेटी कुणी मागितल्या की सर विषय बदलायचे. बाई गेल्यापासून तर कपाटाला हातही लावू देत नव्हते.

विद्यापीठाच्या ग्रंथालयातली ऋतुजा मात्र चिवट. जुन्या संशोधकांच्या नोंदी जमवून सगळ्या अभ्यासकांना खुल्या करायच्या, हे तिचं काम.

"सर, माळावर आता पक्षी दिसेना झालाय. त्याचा आवाज तुमच्या कपाटात हाय, आणि कॅसेटींना बुरशी लागायलीय."

सर कपाटापुढे जाऊन उभे राहिले. "नुसता पक्ष्याचा असता तर कवाच दिला असता. त्यात हिचा पण आवाज हाय की. तो परक्यांनी का ऐकायचा?"

"बाईंचा आवाज काढून टाकू, सर. मग तर झालं?"

सर कसेबसे तयार झाले. ग्रंथालयात पहिली कॅसेट लागली. खरखर झाली आणि बाईंचा दबका आवाज आला.

"बेंदराचा दुसरा दिवस, सन सत्त्याऐंशी. बिरप्पाच्या बांधाजवळ. वारा हाय, ढग न्हाईत. नर एकटाच." मग नवऱ्याला हळूच कानडीत दटावणी, "सुम्मनिर्री! गप बसा की, खोकू नका."

आणि मागून ते खोल घुमणं.

ऋतुजाचा हात थांबला. कॅसेटींवर एक अक्षर नव्हतं. लिहायचा कंटाळा म्हणून सरांनी ते काम बाईंच्या तोंडी सोपवलं होतं. त्यांचा आवाज काढला, तर हे घुमणं कुठलं नि कधीचं, ते कुणालाच कळणार नव्हतं.

सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. त्यांना आपली बायको हवी होती, पुन्हा त्या गवतात.

"असू दे सगळं," ते म्हणाले. "खोकू नका म्हणतीय, ते बी."

ऋतुजानं संगणकावर नोंद उघडली. "संशोधकाचं नाव, सर?"

"सिद्धेश्वरी हिरेमठ," सर म्हणाले. "माझं तिच्या खाली घाला."