नागप्पाच्या नाकातला कापूस

दिंद्रुडात नागप्पाची मिरची-मसाला कांडायची गिरणी आहे. यंत्र कुणीही विकत घेईल. गिरणी चालायची ती नागप्पाच्या नाकावर. बाया धान्य-मसाले भाजून येसर कांडायला आणत. हा डब्यात नाक खुपसून निकाल देई, "धने कच्चे हायेत, घरी न्या." बाया बोटं मोडत, पण परत भाजून आणत. सासूचं ऐकलं नसेल एवढं त्यांनी या नाकाचं ऐकलं.

मिरचीच्या खकाण्यानं शिंकून शिंकून बेजार झाला, म्हणून नागप्पा नाकात कापूस कोंबू लागला. आधी हंगामापुरता, मग बारमाही. बायको शिवकांता करवादायची, "नाकात कापूस मढ्याच्या असतो!" पण बायकोचं ऐकेल तर तो नागप्पा कसला?

एका दुपारी तो गिरणीबाहेर खुर्चीत ताठ बसूनच झोपला. कपाळाला विभूती, दोन्ही नाकपुड्यांत कापूस. लिंगायतांत मयताला बसवूनच नेतात, हे शेजारच्या धोंडीरामला ठाऊक. छाती हलते का बघावं, एवढं मात्र त्या शहाण्याला सुचलं नाही. त्यानं बोंब ठोकली, "नागप्पा लिंगैक्य झाले हो!" गल्ली जमली. कुणीतरी हार घातलाही. मागं येसर भाजत असलेली शिवकांता कढई चुलीवर तशीच टाकून धावली आणि नवऱ्याच्या पायांवर कोसळली.

नागप्पानं डोळे उघडले. "काय बे धोंड्या, एवढी गर्दी कावून?"

धोंडीराम पळाला. बाकीचे खोकत होते, कारण कढईतलं येसर करपून गल्लीभर ठसका उठला होता. नागप्पानं कापूस उपसून जोरात हुंगलं. काहीच नाही. तेव्हा मात्र तो खरंच मेल्यासारखा दिसला.

डॉक्टरला दुसरा काही बिघाड सापडला नाही. पुतणी रुद्राणी प्राणिशास्त्र शिकते. ती म्हणाली, "काका, उंदराची एक नाकपुडी बंद ठेवली, की मेंदूत त्या बाजूला वासाचं काम बघणाऱ्या पेशींतली काही जनुकं सुस्तावतात. गिऱ्हाईकच न्हाई म्हटल्यावर दुकान कोण मांडणार? उघडली, की बरीचशी परत कामाला लागतात. माणसाचं एवढं नक्की सांगता येत न्हाई."

"मी काय उंदीर हाय?"

"उंदीर बरा," शिवकांता म्हणाली. "त्याची एकच बंद होती."

कापूस सुटला. नागप्पा तोंडाला पंचा बांधून बसू लागला. बाया डबा पुढं करत, तर मान खाली घालून मुकाट्यानं कांडून देई. बघवत नसे. मागं शिवकांता रोज मूठभर येसर मुद्दाम करपवी आणि दाराआडून त्याच्याकडे बघत राही. तो ढिम्म.

अन् एका सकाळी गिरणीतून आवाज आला, "अगं ए भवाने, करपलं की! हात झडले का तुझे?"

एका शब्दाला चार शब्द परत करणारी ही बाई. उलथनं घेऊन दारात आली आणि तिथंच उंबऱ्यावर बसून रडू लागली.

"आजून द्या की शिव्या," ती म्हणाली.