बाईंची चिकटपट्टी

"लड़की का हाथ अच्छा है सेठजी, बस मुँह नहीं है."

टाकीच्या पलीकडून बाईंचं हे वाक्य कानावर आलं, तेव्हा मी तारेला अडकवलेली दुसरी पितळी तोटी द्रावणात सोडत होते. सेठजी हसले. "अच्छा ही है मैडमजी, हमारे यहाँ तो सब मुँह ही मुँह हैं." मी मीटरच्या काट्याकडे बघत राहिले. बाई खोटं बोलत नव्हत्या. घरी मराठी, गल्लीत हिंदी, नन्सच्या शाळेत इंग्रजी. तिन्ही भाषा मला येत होत्या आणि तिन्हींत मी गप्प असे.

बाई विद्यापीठात माझ्या मार्गदर्शक होत्या आणि सेठजींचा नळांच्या तोट्यांचा कारखाना होता. त्यांच्या आम्लाच्या टाक्यांचं धुवण नाल्यातून गंगेत जायचं. बाईंनी पाणी आणि जहाल आम्ल दोन्ही टाळून, ग्लिसरीन आणि युरियाच्या कोमट मिश्रणातून निकेलचा मुलामा चढवायची रीत कित्येक वर्षं घोटली होती. "निकेल विषारीच गं, त्याला मी काय करू? पण बाकीचं तरी नदीत जायला नको." त्या उन्हाळ्यात बाई निवृत्त होणार होत्या. एखाद्या कारखान्याने हे द्रावण घेतलं तरच आमची प्रयोगशाळा चालू राहणार होती. नाही तर खोली दुसऱ्या कुणाला देऊ, असं विभागप्रमुखांनी सांगूनच टाकलं होतं. त्या खोलीबरोबर माझी पीएच.डी.ही जाणार होती. म्हणून आम्ही सेठजींच्या कारखान्यात तोट्यांना मुलामा देऊन दाखवत होतो.

बाईंच्या पर्समध्ये किल्ल्या नसत एक वेळ, पण चिकटपट्टीची चकती कायम असे. मुलामा दिलेली कुठलीही वस्तू दिसली की त्या तिच्यावर पट्टी चिकटवत, नखाने घासून बसवत आणि एका झटक्यात ओढून काढत. पट्टीवर धातू आला तर मुलामा कच्चा. प्रयोगशाळेत हे करण्याआधी आम्ही सुरीने बारीक चौकटीही पाडत असू, पण बाईंची पट्टी प्रयोगशाळेत थोडीच थांबत होती! एकदा आमच्या ओळखीच्या काकूंकडे हळदीकुंकू होतं. सुनेच्या माहेरून आलेला चांदीचा करंडा सगळ्यांच्या हातांतून फिरत बाईंकडे पोचला. आईने माझा दंड घट्ट धरला. तोवर पट्टी लागलीसुद्धा. "आलं," बाई म्हणाल्या आणि पट्टी उजेडात धरली. तिच्यावर चांदीचा पातळ पापुद्रा होता. काकू लाल झाल्या. बाई शांतपणे म्हणाल्या, "मी कुठं काय म्हटलं? पट्टी म्हणाली." बनारसच्या मराठी घरांतून त्यांना पुढे बरेच दिवस बोलावणं नव्हतं. दशाश्वमेधावर भाजी घेताना भेटल्या तेव्हा मला म्हणाल्या, "बरं झालं, तिळगूळ खाऊन दात दुखत होते."

माझ्यावर मात्र त्यांचा एकच राग होता. पट्टी ओढली की मी ती नुसती त्यांच्यापुढे धरत असे. "मला दाखवू नकोस, सांग. आलं की नाही आलं? मोठ्याने." मी मान हलवायचे. "मान हलवलेली वहीत कशी लिहू?" मला तो छळ वाटे. मग एका संध्याकाळी भोसले घाटाच्या पायऱ्या उतरताना त्यांनी माझा खांदा धरला, प्रत्येक पायरी पायाने चाचपली, आणि मला समजलं. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलेलं होतं, दुसऱ्यात मोतीबिंदू वाढत होता. त्यांना चमक दिसायची, बारीक कण दिसत नसत. ही गोष्ट त्यांनी विभागात कुणाला सांगितलेली नव्हती. मीही सांगितली नाही. गप्प राहणं मला जमत होतंच.

निवृत्त होऊन बाई पुण्याला बहिणीकडे गेल्या, तेव्हा ती चकती माझ्या हातात ठेवून गेल्या. तिच्यावरची पट्टी कधीच संपली, पुठ्ठ्याची कडी अजून माझ्या टेबलावर आहे. ती त्यांनी मलाच का दिली, याचं कारण कारखान्यातल्या त्या दुपारीच आहे.

पहिली तोटी पट्टीला पुरी उतरली होती. कणभरही काही आलं नव्हतं. पण तिची चमक मऊ होती, घासलेल्या स्टीलच्या वाटीसारखी. सेठजींनी ती उलटसुलट केली आणि परत ठेवली. "गाहक चमक देखता है मैडमजी. टेप लगाके नहीं देखता."

बाईंनी पिशवीतून पांढऱ्या भुकटीची बाटली काढली. निकोटिनिक आम्ल, जीवनसत्त्वाच्या गोळ्यांत असतं ते. चिमूटभर घातलं की निकेल काळपट न बसता उजळ बसतं. जास्त घातलं तर आरसा होतो, पण आतून ताण राहतो आणि मुलामा सुटतो. मला हे बाईंनीच शिकवलं होतं, प्रमाणाबाहेर गेलेला माझा चमचा हातातून काढून घेऊन. त्या दुपारी त्यांनी स्वतः अख्खा चमचा घातला, आणि वर अजून थोडी. मी बघतेय हे त्यांना कळलं. त्यांनी तोंड फिरवलं आणि सेठजींना माझ्या हाताबद्दल आणि तोंडाबद्दल ते वाक्य ऐकवलं.

तोटी बाहेर आली, धुतली, पुसली. तिच्यात छताचा पंखा दिसत होता. सेठजी उठून उभे राहिले. "वाह! ये हुई ना बात. सोमवार से एक टंकी आपकी."

बाईंनी तोटी हातात घेतली. पर्स मांडीवर बंद होती. मला वाटलं, आज उघडणार नाही. मला वाटलं, नको उघडायला. मग पर्सची चेन वाजली. बाईंनी चौकटी पाडल्या, पट्टी लावली, नखाने घासली. पट्टी ओढून त्यांनी खिडकीकडे धरली, डोळ्यांजवळ नेली, लांब नेली.

"कुछ नहीं आया ना?" सेठजींनी विचारलं.

बाईंनी पट्टी माझ्यासमोर धरली. "सांग," त्या म्हणाल्या. आवाज हळू होता. एरवीसारखं "मोठ्याने" त्या म्हणाल्या नाहीत.

पट्टीच्या कडेला, दोन चौकटींच्या आकाराचे, चकचकीत कण होते.

सेठजींना मराठी येत नव्हती. मी "आलं" म्हटलं असतं तर ते फक्त बाईंना कळलं असतं, आणि पुढचं बाईंनी ठरवलं असतं. त्या माझ्याकडे बघत होत्या, म्हणजे माझा चेहरा असेल तिकडे बघत होत्या. मी पट्टी त्यांच्या हातातून घेतली, सेठजींकडे वळले आणि कारखान्यातल्या त्या आवाजातही ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले,

"आया है, सेठजी. छूट रहा है. सोमवार से मत लगाइए."