उळवीच्या वाटेवर तापलेली पेटी

उळवीच्या जत्रेला मोटारीने जायची हौस माझीच. दाजींनी, म्हणजे माझ्या बहिणीच्या यजमानांनी, महायुद्धातून परतलेला एक जुना लष्करी ट्रक घेतला होता, चारही चाकांना जोर देणारा. जत्रेतल्या जेवणावळीसाठी तांदूळ पोचवायचा होता, आणि मी बेळगावात रिकामाच होतो. चालवणार होता इराप्पामामा. दाजींचा साठीचा गडी, जन्म बैलगाडीवर गेलेला, मोटार दोन महिन्यांपूर्वी शिकलेला. निघताना दाजींनी माझ्यादेखत त्याला बजावले की गाडीला काही झाले तर पुन्हा गोठ्यात शेण काढायला जायचे.

लोंढ्यापर्यंत रस्ता बरा आहे. तिथे दोन आण्यांत भात आणि कुळथाची आमटी मिळते. पोटभर खाऊन घ्या आणि पेट्रोलचे डबे भरून घ्या, पुढे जंगलात काही मिळत नाही. माझे जेवण होईतो मामाने गाडीचे तेलपाणी पाहिले.

सुपा गाव सोडल्यावर पायाखालून आवाज सुरू झाला. आधी घुमल्यासारखा, मग जात्यात खडा सापडावा तशी खरखर. मामाने गाडी थांबवली, खाली हात घातला आणि चटका बसून मागे घेतला. गिअरबॉक्सच्या मागे एक दुसरी पेटी असते, ट्रान्स्फर केस. पुढच्या-मागच्या चाकांना ती जोर वाटून देते. ती भाजत होती.

गाडीबरोबर आलेले पुस्तक मी चाळले होते, त्यामुळे अंगात विद्वत्ता होती. उभ्या गाडीत इंजिन चालवून पाहिले, आवाज नाही. उताराला गिअर काढून गाडी सोडली, खरखर तशीच. पुढच्या चाकांचा जोर तोडला, तरीही तीच. म्हणजे दुखणे पेटीतच होते. मामाने वेळूची काठी पेटीला टेकवली, दुसरे टोक कानाला लावले. त्याचा चेहरा उतरला.

"आत हाडं मोडल्यागत वाजतंय," तो म्हणाला.

खालचे बूच काढले तर तेलाचा थेंब पडेना. काटकी घालून उकरले तेव्हा काळा लगदा निघाला. एरंडेल, पेंढ्याची राख, तागाचे धागे. बैलगाडीच्या चाकाचे वंगण! चाकात ते टिकून बसते, पण पेटीत दाते ते बाजूला फेकतात आणि कोरडेच फिरतात, वर राखेने घासले जातात. बोटांवर चोळले तर लोखंडाची चमक दिसली.

"जल्मभर ह्येच घालतोय," मामा म्हणाला. "आणि तुमास्नी इचारूनच घातलं, पावणं."

विचारले होते खरे. लोंढ्याला मी आमटी भुरकत होतो, पुस्तक खिशात होते, आणि ते न उघडताच मी "घाला की" म्हणालो होतो.

कुंभारवाडा हे गाव मैलभर पुढे होते. मामा चालत गेला. तिथल्या एका म्हाताऱ्या कुणब्याने घरातले घासलेट काढून दिले; जत्रेचा तांदूळ वाटेत अडायचा न्हाई, एवढेच म्हणाला आणि पैसे घेईना. पेटी धुतली, इंजिनासाठी ठेवलेले जादा तेल तिच्यात भरले. मग अर्ध्या अर्ध्या मैलाला थांबून पेटीला हात लावायचा. आधी दोन मोजेपर्यंत टिकला, पुढे पाच, उळवीच्या अलीकडे दहा. तुम्ही जाणार असाल तर पेटीच्या तेलाचा डबा वेगळा न्या. आवाज मात्र गेला नाही. तांदूळ पोचता केला, जत्रा नावापुरतीच पाहिली. परतीला बैलाच्या चालीने अडीच दिवस लागले.

दाजींच्या घरी पेटी उघडली. दोन बेअरिंगे गेलेली, एक दाता तुटलेला. वंगण कुणी घातले, दाजींनी अंगणातच विचारले. मामाने माझ्याकडे पाहिलेही नाही.

"म्या घातलं, मालक."

ते खोटे नव्हते, म्हणून मी गप्प राहिलो.

परवा बहिणीकडे गेलो तर मामा गोठ्यात शेण काढत होता. मला पाहून त्याने हात धुतले.

"पेटी आता गार ऱ्हाती न्हवं?" त्याने विचारले.

मी हो म्हणालो. दाजी ओसरीवर बसले होते, दहा पावलांवर. मी त्यांच्यासमोर बसून चहा घेतला आणि घरी आलो.