सुभेदारांची सव्वा मूठ

खानदेशात दोंडाईचाजवळच्या सुभेदारांच्या गावात श्रावणातल्या कानबाई देवीच्या रोटाचे, म्हणजे जाड पोळ्यांच्या नैवेद्याचे, गहू मोजायचा मान घरच्या थोरल्या सुनेचा. घरात जितके पुरुष, तितक्यांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ घ्यायची. लग्न होऊन आल्यापासून धुरपदाबाईंनीच हे गहू मोजले. चुकल्या त्या एकदाच, १९४८ सालच्या श्रावणात.

त्यांचे यजमान सुभेदार जीवराम तेव्हा काश्मीरच्या लढाईत होते. शिमग्यापासून पत्र नव्हतं. आषाढात धाकटा दीर पितांबर स्टेशनावरून चेहरा पाडून आला. रजेवर निघालेल्या एका शिपायानं त्याला सांगितलं होतं की दादांची चौकी वेढली गेली, वरून कुणी खाली आलं नाही. सरकारी तार मात्र आली नाही. म्हणून घरात सुतक धरलं नाही, कुणी मोठ्यानं रडलं नाही. धुरपदाबाई रोज कुंकू लावत, पण आरशात न बघता.

रोटाच्या आदल्या दिवशी त्या सूप घेऊन बसल्या. उद्या स्वातंत्र्याला वर्ष होणार म्हणून चावडीवर पताका लागत होत्या. पितांबरची मूठ पडली, त्याच्या दोन मुलांची पडली. चौथ्या मुठीला हात गव्हात गेला आणि तिथंच थांबला. गेलेल्या माणसाच्या नावानं मूठ घेतली तर देवीचा कोप उरलेल्यांवर व्हायचा! त्यांनी हात रिकामा काढला.

"जीवरामनी मूठ लिधी का वो?" सासूबाईंनी चुलीपासून विचारलं.

"लिधी," त्या म्हणाल्या.

आणि जीवराम तर जिवंत होते. एकतीस माणसं घेऊन त्यांनी ती चौकी अकरा दिवस धरून ठेवली होती. चौकी पडली असती तर खालची वाट गेली असती, आणि वाटेबरोबर मागची सगळी पलटण. दुसऱ्या वर्षी छातीवर पदक लावून ते घरी आले, तेव्हा गावानं वाजतगाजत स्टेशनावरून आणलं. धुरपदाबाईंनी ओवाळलं, पण त्यांना वर बघवेना. अखेर श्रावण आला तेव्हा त्यांनी सुपासमोर बसून सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे तू माले मारीच टाकं!" सुभेदार खो खो हसले. मग म्हणाले, "चौकीवर मीबी रोज सांजले मोजनी करू. सात कमी भरनात."

ते लढाईबद्दल एवढंच बोलत. चौकीवर पाणी नव्हतं. अंधार पडला की ते दोघा-दोघांना ओढ्यावर धाडत. ते सात जण लढताना पडले नव्हते, पाण्याला गेले होते, आणि धाडणारे सुभेदार होते. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून ते बोटांवर सात नावं घेत आणि आठव्या बोटाशी थांबत.

"त्या सात जनस्नी मूठ ले," त्या दिवशी ते म्हणाले. "त्या बठ्ठा मनाच घरना शेतस."

सासूबाई कडाडल्या, "कानबाईना रोट शे हा, पलटनना लंगर नई!"

धुरपदाबाई मध्ये पडल्या नाहीत. रोट भाऊबंदांचाच, परक्याला त्याचा घाससुद्धा द्यायचा नाही. परक्या गावच्या, परक्या जातीच्या मेलेल्यांची नावं घ्यायची कशी? एकदा देवीपुढे खोटं बोलून झालं होतं. आता कुलाचार मोडायचा धीर होईना.

"मंग मनीबी राहू दे," सुभेदार शांतपणे म्हणाले.

तेव्हापासून दर श्रावणात ते पुढ्यात येऊन विचारत, "सात जनस्नी?" त्या मान खाली घालत. मग ते म्हणत, "राहू दे," आणि निघून जात. रोटाचा तुकडाही त्यांनी कधी तोंडात घातला नाही. आठ वर्षं हेच चाललं. सासूबाई मध्येच वारल्या, तरी धुरपदाबाईंची मूठ उघडली नाही.

१९५७च्या पौषात सुभेदार गेले. पुढल्या वर्षीच्या प्रजासत्ताकदिनी गावच्या शाळेला त्यांचं नाव दिलं. धुळ्याहून आलेल्या फौजी साहेबांनी सांगितलं, त्या डोंगरावरच्या चौकीला आज जवान त्यांच्याच नावानं ओळखतात, नव्या रंगरूटांना ती अकरा दिवसांची गोष्ट शिकवतात. "देश त्यांना कधीही विसरणार नाही!" टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत पदराआड धुरपदाबाई बसल्या होत्या. देशानं लक्षात ठेवलेल्या या माणसाला आपण घरच्या सुपातून गाळलं, एवढंच त्यांच्या मनात घोळत होतं.

वर्षाचा दुखवटा तोवर फिटला होता. त्या श्रावणात सूप पुढ्यात आलं. पितांबरच्या घरच्या तीन मुठी पडल्या. मग त्यांनी एकेक नाव घेत सात मुठी टाकल्या. रोज ओट्यावरून ऐकून ती नावं पाठच झाली होती. आठवी यजमानांची. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात पहिल्यांदा उघड घेतलं.

"वहिनी, इतला रोट कोन खाई?" पितांबर दारातून म्हणाला. पौर्णिमेच्या आत रोट संपलाच पाहिजे, हे त्यालाही ठाऊक होतं.

"मी खासू."

पाच दिवस त्यांनी दुसरं काही शिजवून घेतलं नाही. रोट वाळून दगड झाला, तेव्हा दुधात भिजवून खाल्ला. पौर्णिमेच्या संध्याकाळी शेवटचा तुकडा उरला. तो घेऊन त्या ओट्यावर, सुभेदारांच्या जागी येऊन बसल्या. बोटांवर सात नावं घेतली, आठव्या बोटाशी न थांबता यजमानांचंही घेतलं, आणि तुकडा तोंडात घातला.