चौदावा गुलाबी कागद

आमच्या बँकेत पंख्याचं पातं बदलायचं असलं, तरी त्यामागे कुठेतरी एक ठराव असायचा. आमची बँक म्हणजे पासबुक घेऊन रांगेत उभं राहायची बँक नव्हे. बाकीच्या बँकांवर डोळे वटारणारी, देशाची मध्यवर्ती बँक. तिच्या डोक्यावर संचालक मंडळ, त्याला आम्ही सगळे नुसतं बोर्ड म्हणायचो. बोर्ड व्याजदर आणि महागाईवर बोलतं, असं लोकांना पेपर वाचून वाटतं. पेपरात न येणारं काम त्याहून बरंच जास्त असतं. गैरहजर संचालकाला रजा मंजूर करायची, लांबच्या कुठल्याशा शहरातल्या विश्रामगृहाची जुनी लिफ्ट मोडीत काढायला परवानगी द्यायची, मागच्या बैठकीत आपण काय बोललो ते खरंच बोललो असं कायम करायचं. मी उभी नोकरी असल्या विषयांचे कागद टाइप करण्यात घालवली आणि आपल्याविना देश अडेल अशी माझी मनापासून समजूत होती.

वडील रेल्वेत होते, म्हणून माझं बालपण रायपुरात गेलं. पुढे नोकरी लागली ती नागपूरला. मग नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आमच्या बँकेनं तिथे एक छोटं कार्यालय उघडलं आणि मी अर्ज करून घरी परत आलो. त्या वर्षांत राजधानी होणं शहराच्या अजून अंगवळणी पडलं नव्हतं. म्हशी पूर्वीच्याच चौकात बसायच्या, फक्त त्यांना वळसा घालून लाल दिव्याच्या गाड्या जायच्या. कुठे दवाखान्यात सचिव बसले होते, कुठे शाळेत संचालनालय. आमचंही कार्यालय भाड्याच्या दोन मजल्यांवर होतं आणि खाली टाइल्सचं दुकान. टाइल्स बघायला आलेलं गिऱ्हाईक चुकून वर आलं, तर त्याला आमच्याकडे पाणी मिळायचं आणि चहाही.

हा चहा करायची ती बाई. माहेर भंडाऱ्याकडचं, सासर रायपुरातल्याच गुढियारी वस्तीत. नवरा मालधक्क्यावर हमाल होता, पाठ गेल्यापासून घरी बसलेला. कार्यालय उघडलं त्या दिवसापासून ती रोजंदारीवर होती. टेबलं पुसायची, पाणी भरायची, आणि असा आल्याचा चहा करायची की आमचे साहेब म्हणायचे, "इस ऑफिस में टाइम पर एक ही चीज़ होती है." कागदोपत्री मात्र ती नव्हतीच. कागदोपत्री आमच्याकडे चहा आपोआप होत असे.

तिला कायम करायचं ठरलं तेव्हा वय आडवं आलं. नेमणुकीच्या वयाची अट तिनं केव्हाच ओलांडली होती. ती अट शिथिल करायचा अधिकार फक्त बोर्डाला, आणि तोही उमेदवाराला पंचेचाळीस पूर्ण होईपर्यंतच. तिला पंचेचाळीस पुढच्या महिन्यात पूर्ण होणार होती. बोर्ड भरायचं तीन महिन्यांतून एकदा. म्हणजे तिचं जे काही व्हायचं, ते येत्या एकाच बैठकीत. आणि ती बैठक रायपुरात ठरली होती.

"भैया, तुमीच लिवून राहिले ना माया कागद?" ती रोज विचारायची.

"मीच लिहितोय. काळजी करू नका."

"मले काळजी नाई. तुमी आहे ना."

तिला काळजी नव्हती, कारण माझ्यावर भरवसा होता. हे लिहितानाही मला जड जातं.

बोर्ड येणार म्हटल्यावर आमचं कार्यालय लग्नघर झालं. खुर्च्या टेंट हाउसमधून आल्या आणि त्यांच्या पाठीवर सोनेरी फिती बांधलेल्या होत्या. त्या सोडायच्या की राहू द्यायच्या यावर मुख्यालयाशी दोनदा फोनवर बोलणं झालं. अध्यक्षांची खुर्ची इतरांपेक्षा उंच हवी, तर टेंट हाउसकडे उंच खुर्ची एकच आणि ती नवरदेवाची. तिच्या हातांवर सिंहाची तोंडं होती. साहेबांनी ती तोंडं टॉवेलनं झाकून घेतली.

आता आमच्या कागदांची रीत सांगायला हवी. बोर्डापुढे जाणारा कागद दोन रंगांचा असायचा. गुलाबी म्हणजे निर्णयासाठी, पांढरा म्हणजे नुसत्या माहितीसाठी. गुलाबीवर बोर्ड म्हणायचं "मंजूर", पांढऱ्यावर म्हणायचं "नोंद घेतली". कागद वाचायची गरज पडू नये, म्हणूनच ही सोय होती. मला त्या सोयीचं फार कौतुक होतं.

त्यातच जेवणाच्या मेनूचा प्रश्न निघाला. साहेबांना पाहुण्यांच्या हातात काहीतरी शोभिवंत द्यायचं होतं. मी पुढे होऊन म्हणालो, "सर, गुलाबी कागज़ है ना." ही अक्कल माझी, दुसऱ्या कुणाची नाही. राजभाषेच्या नियमाप्रमाणे मेनू हिंदी आणि इंग्रजी, दोन्हीत हवा. पहिल्या छपाईत पनीरच्या हिंदी शुद्धलेखनावर आक्षेप आला, म्हणून सगळे मेनू पुन्हा छापले. गुलाबी कागदाचं रिम संपलं. तेरा विषय त्याआधी गुलाबीवर छापून झाले होते, बाईचा चौदावा तेवढा राहिला होता. गोलबाजारात गेलो, तर सगळ्या नव्या खात्यांना आपापल्या फायलींचे रंग हवे झालेले. दुकानदार म्हणाला, "गुलाबी खतम, भैया. पीला ले जाओ." पिवळ्याचा अर्थ आमच्या बँकेत कुणालाच माहीत नव्हता. मी बाईचा कागद पांढऱ्यावर छापला, वर लाल पेन्सिलीनं "निर्णयासाठी" लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली. एवढं पुरेल असं मला वाटलं. न पुरायला बोर्ड काय आंधळं आहे?

बैठकीच्या सकाळी मुख्यालयाहून आलेल्या गृहस्थांनी फोल्डर लावले. त्यांचा हात सफाईदार होता. गुलाबी एका खणात, पांढरे दुसऱ्या खणात. मग त्यांनी विषयपत्रिका बघून गुलाबी कागद मोजले. पत्रिकेत निर्णयाचे विषय चौदा, खणातले कागद चौदा. "टैली हो गया," असं म्हणून त्यांनी फोल्डर मिटले. मी शेजारीच उभा होतो. चौदा जुळले, म्हणजे लाल पेन्सिल बघून बाईचा कागदही त्यातच गेला, असं धरून मलाही बरं वाटलं. तेरा असायला हवे होते, हे माझ्या डोक्यात आलं नाही. गुलाबी खणात सर्वांत खाली मेनू जाऊन बसला होता.

बैठकीत मी जादा पेनं घेऊन दाराशी उभा होतो. बाई ट्रे घेऊन आत-बाहेर करत होती, इस्त्रीची साडी, केसांना तेल. महागाईवर बोलणं झालं, ते मला समजलं नाही. मग मसाल्याचा वास आत आला आणि अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.

"गुलाबी सगळे मंजूर धरायचे का?"

"मंजूर."

"पांढरे?"

"नोंद घेतली."

बाईनं ट्रे हातात धरून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. झालं म्हणून. ती घाईनं बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं डबाभर ठेठरी-खुरमी, आमच्याकडचा सणासुदीचा तळणीचा फराळ, आणली. सगळ्यांना वाटली, खालच्या टाइल्सवाल्यालासुद्धा. नवऱ्यानं पहिल्यांदाच पाठीला उशी न घेता तासभर गप्पा मारल्या, असं सांगत होती. मी दोन खुरम्या जास्तीच्या घेतल्या. श्रेय माझंच होतं ना!

पंधरवड्यानं इतिवृत्त आलं. मुख्यालयानं ते पत्रिका बघून नव्हे, खणातले कागद बघून लिहिलं होतं. विषय चौदा: रायपूर येथील भोजनव्यवस्था, मंजूर. आणि माहितीच्या विषयांत अगदी शेवटी, रायपूर कार्यालयात चहापाण्याचं काम करणाऱ्या महिला कामगाराच्या वयाबाबत, बोर्डानं नोंद घेतली.

तिचं वय किती, हे देशाच्या मध्यवर्ती बँकेनं रीतसर लक्षात घेतलं होतं.

मी मुख्यालयाला फोन केला, पत्र लिहिलं, पुन्हा पत्र लिहिलं. चूक माझी आहे असं त्यात स्पष्ट लिहिलं. उत्तर आलं की इतिवृत्तातली दुरुस्ती पुढच्या बैठकीतच करता येते, ती तीन महिन्यांनी. सदर बाबीची बोर्डानं यापूर्वीच नोंद घेतलेली असल्यानं तातडीनं काही करण्याची आवश्यकता दिसत नाही. पत्राबरोबर मी तिच्या जन्मतारखेचा दाखला जोडला होता. त्याचीही त्यांनी नोंद घेतली.

साहेबांना हळहळ वाटली, नाही असं नाही. पण त्यांना इतिवृत्तात दुसरंच काही दिसलं. "मेनू को बोर्ड की मंज़ूरी है," ते म्हणाले. "अब हम अपने मन से बदल नहीं सकते." पुढे मी निवृत्त होईपर्यंत रायपुरात कुणी मोठा पाहुणा आला, की तेच पनीर, तीच कढी, त्याच क्रमानं. एकदा कुणीतरी कढीऐवजी रायतं सुचवलं, तर त्याला ठराव दाखवण्यात आला.

बाईला सांगायला मी तिचा वाढदिवस उलटायची वाट पाहिली. भ्याडपणाच होता तो. दुपारी मागच्या खोलीत ती आधण ठेवत होती.

"भैया, आर्डर आली काय?"

मी सगळं सांगितलं. रिम, मेनू, चौदा, पांढरा, लाल पेन्सिल. सांगताना माझं मलाच ते खोटं वाटत होतं. ती ऐकत आलं किसत राहिली.

"पण मी तर आयकलं. मंजूर म्हनलं त्यायनं. तुमी मान हालवली."

"हलवली. चुकलो मी."

"तो कागद कोनता, जो मंजूर झाला? मले दाखवा."

एक मेनू माझ्या ड्रॉवरमध्ये उरला होता. तो आणून दिला. तिनं हात पदराला पुसले आणि बोट ठेवून हिंदी बाजू वाचायला घेतली. पनीर. कढी. भात. पापड. हे वाचताना ती रागावेल, रडेल, कागद फाडेल, असं काहीही मला चाललं असतं. ती शेवटच्या ओळीवर थांबली. तिथे लिहिलं होतं, अदरकवाली चाय.

"हा मायाच चहा ना?"

"हो."

तिनं कागदाची नीट घडी केली आणि साखरेच्या डब्याखाली ठेवली.

"मंग चहा मंजूर झाला, भैया. मीच राहिली."

एवढं बोलून तिनं चहा गाळला आणि कप माझ्यापुढे केला. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. मी प्यायलो.